सराटा कोणाकडे आहे?

वसुधाताई गेल्याचा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर आला, आणि मी त्याला अंगठा दिला. पिवळा, उभा, 'झकास' म्हणणारा अंगठा. एका हातात चहाचा कप, निरोप लांबलचक, त्यात वरच्या ओळीत 'वसुधा मॅडम' एवढंच दिसलं. मला वाटलं ताईंनी काहीतरी काम सांगितलंय, आणि ताईंनी काम सांगितलं की ते वाचल्याचं भासवायचं, ही माझी जुनी सवय. लगेच नेहाचा फोन आला. नेहा आमच्या ऑफिसातली सगळ्यात तरुण. बिलासपूरकडची, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच. रडून रडून तिचा घसा बसला होता, तरी सूर कडक होता. "भैया, पहले अंगूठा हटाओ. फिर पढ़ो." मी अंगठा काढला, मग वाचलं... आणि कप हातातच राहिला. एव्हाना अख्ख्या ग्रुपने तो अंगठा पाहिला होता. एकदा दाबलेलं बटण परत घेता येतं का, या एका प्रश्नापायी वसुधाताईंनी आमच्यात नोकरीची बरीच वर्षं घालवली, आणि त्यातली निम्मी माझ्यामुळे. त्या असत्या तर त्या अंगठ्याला सगळ्यात मोठ्यांदा त्याच हसल्या असत्या.

रायपूरच्या शंकर नगरात औषधांच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. सॉफ्टवेअर बनवतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती येतात. आमच्याकडे एक अरुंद जिना आहे आणि खालून सतत येणारा टिंक्चरचा वास. मुख्य काम गुढियारीच्या गोदामवाल्यांचं. ट्रकमध्ये किती पोती चढली, वजन किती, आणि मालासोबत जायची पावती, जिला तिथे बिल्टी म्हणतात, ती छापून द्यायची. हा सगळा प्रोग्राम कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरवर राहायचा, त्याला आम्ही 'मोठा' म्हणायचो. काही बदल करायचा तर जुनं मोडू नये म्हणून आधी एक प्रत काढायची आणि तिला नाव द्यायचं. पहिलीचं नाव 'फायनल'. मग 'फायनल नवीन' आली, मग 'फायनल असली', मग कोणीतरी वैतागून 'फायनल असली हात लावू नये' केली, आणि त्या पंगतीत माझी भर म्हणजे 'फायनल प्रमोद सच्ची'. यांतली खरी कोणती, हे फक्त वसुधाताईंना ठाऊक. त्या आमच्या टीमच्या प्रमुख. माहेर वर्ध्याचं, नवरा रेल्वेत म्हणून रायपूरच्या झालेल्या. दारातून आत येता येताच त्यांना कोणी ना कोणी विचारायचं, "ताई, आज कोणती फायनल?" आणि त्या पर्स खाली ठेवायच्या आधीच उत्तर द्यायच्या.

एकदा मी आणि दुसऱ्या एका सहकाऱ्याने एकाच वेळी एकच फाइल उघडली. त्याने आपलं काम करून ठेवलं, त्यावर मी माझं ठेवलं, आणि त्याची आठवड्याची मेहनत माझ्या बुडाखाली गेली. भांडण इतकं रंगलं की खालचा औषधवाला वर आला, कोणाला काही द्यायला लागतंय का बघायला. ताई जेवणाच्या सुट्टीत बाजारातून घरासाठी नवा सराटा घेऊन आल्या होत्या. सराटा म्हणजे पुण्याकडच्या मंडळींचं उलथनं. त्यांनी पिशवीतून तो काढला आणि आमच्या दोघांमध्ये टेबलावर ठेवला. "हा ज्याच्या हाती, त्यानंच मोठ्याले हात लावायचा. बाकीच्यांनी आपापल्या जागी बसायचं." झालं. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसचा तोच कायदा. सकाळपासून एकच प्रश्न फिरायचा... सराटा कोणाकडे आहे? नवा रायपूरहून आलेला एक सरकारी साहेब हे ऐकून बराच वेळ आमच्याकडे स्वयंपाकघर शोधत होता. मी तर सराटा घेऊन चहाच्या टपरीवर जायचो, इथे ठेवला तर कोणी पळवेल म्हणून. टपरीवाल्याने विचारलं होतं, "प्रमोद भैया, घर में भाभी नहीं है क्या?"

आता ताईंविषयी एक गोष्ट सांगतो, जिचं मला आजही नवल वाटतं. त्या प्रोग्रामच्या ओळी वाचून, कोणी लिहिल्यात ते सांगायच्या. नाव बघायची गरज नसायची. ही नेहाची, ती कुठलंही काम सोडताना दार नीट लावून घेते. ही नोकरी सोडून गेलेल्या एका पोराची, घाबरत घाबरत लिहिलेली, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारी. माझी कशी ओळखता, मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, अर्ध्या वाटेत चहाला उठून गेल्यासारखी असते. आणि खरंच मी तिथे चहाला उठलो होतो! आम्ही ज्याला नुसता मजकूर समजत होतो, तिथे त्यांना माणसं दिसायची, त्यांच्या वाईट दिवसांसकट.

मग तो सोमवार. सराटा माझ्याच हातात होता, म्हणजे कायद्याने मी निर्दोष. मी माझ्या पेनड्राइव्हवरून नवा बदल मोठ्यावर चढवत होतो. पडद्यावर एक डबा उघडला, त्यात काहीतरी विचारलं होतं, मी 'हो' दाबलं. मी चढवली होती ती 'फायनल प्रमोद सच्ची', महिन्यापूर्वीची, आणि ती बसली होती खऱ्या प्रतीच्या डोक्यावर. थोड्याच वेळात गुढियारीहून फोन यायला लागले. जुन्या प्रतीत पोत्याचं वजन जुन्या हिशेबाने जास्त धरलेलं, त्यामुळे कागदावर ट्रक केव्हाच भरायचा आणि प्रत्यक्षात निम्मा रिकामा. बिल्टी छापेना. ट्रकची रांग रेल्वे फाटकापर्यंत गेली, हमाल पोत्यांवर पाय पसरून बसले. ताईंनी मला समोर बसवलं. "त्या डब्ब्यानं तुले काही विचारलं होतं?" विचारलं होतं, मी म्हणालो. "काय?" वाचलं नाही... तेवढ्यात गुढियारीच्या शेटजींचा फोन आला. तुमच्या माणसाने काय दाबलं, असं ते इतक्या जोरात विचारत होते की मला टेबलापलीकडे ऐकू येत होतं. ताई शांतपणे म्हणाल्या, "सेठजी, हमसे गलत बटन दब गया. शाम तक ठीक कर देते हैं." हमसे! आमच्या ऑफिसात चुकीला आजवर एकच नाव असायचं, आणि ते कोणाचं हे सांगायला नको. त्या दिवशी पहिल्यांदा ते नाव सगळ्यांत वाटलं गेलं.

त्यानंतर दुपारभर जे पाहिलं, ते मला नीट सांगता येणार नाही. ताईंनी प्रत्येकाकडून मिळेल ते मागवलं. कोणाच्या मेलमध्ये पडलेला तुकडा, कोणाच्या पेनड्राइव्हवरची अर्धी फाइल, नेहाने स्वतःच्या मशीनवर सहज ठेवलेली एक जुनी प्रत. हे सगळं पुढ्यात पसरून त्या वाचत गेल्या आणि जोडत गेल्या. हे त्याच्या आधीचं. हे त्याच्या नंतरचं, कारण त्या दिवशी लाइट गेली होती आणि नेहाची ओळ मधेच तुटली. हे प्रमोदचं, हे चुकीचं आहे पण असू दे, पुढचं काम याच चुकीवर उभं आहे. ऊन उतरायच्या आत गुढियारीचे ट्रक हलले. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांना ते आवडलं नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "आज मले आठवलं म्हणून निभलं. उद्या मीच नसली तं? एका बाईच्या डोक्यावर एवढे ट्रक उभे हायेत, ही काही कामाची पद्धत नव्हे."

त्यांना तेव्हा स्वतःच्या आजाराचं कळलेलं होतं. आम्हाला नव्हतं. त्यामुळे दुसऱ्याच दिवसापासून त्या आमच्या मागे का लागल्या, तेही कळलं नाही. त्यांना ऑफिसात अशी व्यवस्था बसवायची होती जी प्रत्येक बदल आपणहून जपून ठेवते. कोणी केला, कधी केला, काहून, म्हणजे कशासाठी केला, आणि चुकला तर मागे कसं जायचं. जगभर लोक हेच वापरतात, आम्हीच प्रतींना नावं ठेवत बसलो होतो. सगळ्यात जास्त कुरकुर मी केली. चित्रगुप्त आणून बसवताय का, म्हणालो. आपला सराटा काय वाईट आहे, म्हणालो. प्रत्येक बदलासोबत दोन शब्द लिहायचे असतात, तिथे मी 'बदल केला' एवढंच लिहायचो. ताई ते परत पाठवायच्या. "काय बदल केला ते लिही. तू नसताना नेहाले कळलं पाहिजे."

आणि त्यांनी आणखी एक काम केलं, जे कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या त्या सगळ्या फायनल, नवीन, असली, सच्ची प्रती घेतल्या, आणि त्या वाचून, ओळखून, कोणती कोणाच्या आधीची ते ठरवून, नव्या व्यवस्थेत एकावर एक ओळीने रचल्या. एका दुपारी त्यांनी आम्हाला पडद्यापुढे बसवलं आणि पहिल्या दिवसापासून एकेक पाऊल पुढे नेत दाखवलं. आधी बिल्टी छापणारी एक लहानशी खिडकी. मग तिच्यात वजन आलं. मग नोकरी सोडून गेलेल्या त्या पोराने घाबरत घाबरत केलेलं पान, मग नेहाचं पहिलं काम, माझी चूक, ताईंची दुरुस्ती, पुन्हा माझी चूक... इतकी वर्षं ज्याला आम्ही कचरा म्हणत होतो त्याला पहिल्यापासून क्रम होता, आणि तो एकट्या त्यांनाच दिसत आला होता. मी एकदाही चहाला उठलो नाही. माझ्या बाबतीत हे आजारपण समजतात. नेहाने हळूच विचारलं, "भैया, तबीयत ठीक है ना?" मी म्हणालो, हव.

मग ताईंनी सांगितलं की त्या काही आठवड्यांसाठी नागपूरला जाणार आहेत, ऑपरेशन आहे. दात काढायला चालल्यासारखं सांगितलं. आणि बजावलं, फोन करायचा नाही. गोदामांचं सगळं काम ठप्प झालं तरी नाही. त्यांना काय पाहायचं होतं ते तेव्हा आम्हाला समजलं. आपल्यावाचून हे चालतं की नाही, एवढंच त्यांना कायमचं जायच्या आधी कळायला हवं होतं.

त्या गेल्या आणि आठवडाभरातच गुढियारीत पुन्हा बिल्टी अडकली. सगळ्यांचे हात सवयीने मोबाइलकडे गेले. नेहाने माझा मोबाइल उचलून खणात टाकला. आम्ही दोघं मागे मागे गेलो, एकेक बदल वाचत. दोष सापडला. नाव माझंच होतं, त्यात कोणाला आश्चर्य वाटलं नाही, पण शेजारी मी लिहिलेले ते शब्द होते, ताईंनी परत पाठवून लिहून घेतलेले, आणि त्यांवरून काय उलटवायचं ते कळत होतं. मागे जायचं बटण दाबलं. डबा उघडला. मी तो मोठ्याने, आरती म्हणावी तसा, शेवटपर्यंत वाचला. मग 'हो' दाबलं. ट्रक हलले.

ताई परतल्या तेव्हा अर्ध्या झाल्या होत्या. जिना चढून खुर्चीवर टेकल्या, सगळ्यांकडे बघत राहिल्या. "एकबी फोन नाही आला. पडल्या पडल्या वाटे, प्रमोदनं माहा नंबरच उडवला का काय." आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी पडद्यावर जाऊन तो बदल स्वतः पाहिला, माझे शब्द वाचले, आणि मान हलवली. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला सराटा काढला, पदराने पुसला आणि पिशवीत टाकला. घरचा मोडलाय, म्हणाल्या. त्यानंतर त्या मधून मधून यायच्या. आम्ही जे विचारायचो ते आता त्यांना बरं वाटावं म्हणून विचारायचो, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आजार परत आला तसं तेही थांबलं...

परवा अरुणभाऊजींना, म्हणजे ताईंच्या यजमानांना, भेटायला गेलो. भाऊजींच्या निवृत्तीनंतर ते दोघं नवा रायपूरला राहायला गेले होते. तिथे बसची वाट बघण्यात उमर जाते, म्हणून स्कूटरवर गेलो. भाऊजी स्वयंपाकघरात होते, तव्यावर तांदळाच्या पिठाचा चीला टाकत होते. मी त्यांना अंगठ्याचं सांगितलं. ते पाठमोरे होते, खांदे हलले, मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते. "हे तिले सांगाले पायजे होतं," म्हणाले, आणि मग हसणं थांबलं. चीला उलटला तेव्हा त्यांच्या हातात तो सराटा दिसला. काठ काळा पडलेला, दांडा किंचित वाकलेला, अगदी घरचा झालेला. माझ्या मनात आलं, हा ऑफिसात पाहिजे. काचेच्या चौकटीत, मोठ्याच्या वर, खाली ताईंचं नाव. तसं म्हणालो, जरा गहिवरूनच म्हणालो.

भाऊजींनी चीला माझ्या ताटात वाढला, सराटा तव्याशेजारी ठेवला आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "नाही देत. तू याच्याही चार कॉप्या करून ठेवशीन, अन् खरा कोणता हे विचाराले मलेच फोन करशीन."