न झालेली दुखापत

माझ्या पायाला काहीही झालं नव्हतं. तरी सुट्टीवर घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी अम्मीनं मेडिकलमधून क्रेप बँडेज आणलं, मला कॉटवर बसवलं आणि डाव्या घोट्याला असं काही गच्च आवळलं की न दुखणारा पायही दुखायला लागावा.

“कोण आलं तर उठू नगंस,” ती म्हणाली. “बसल्या जागी बोलायचं.”

“अम्मी, हे काय चाललंय?”

“पाय मुरगळलाय तुझा, त्या धक्क्यात. म्हणून उठली न्हाईस तू.”

तर तो धक्का. मी विमानात केबिन क्रू आहे. इंदापुरात याला अजून ‘हवाई सुंदरी’ म्हणतात, आणि मला प्रत्यक्ष बघितल्यावर लोक जरा हिरमुसतात. त्या दिवशी आम्ही पुण्याकडे येत होतो. बाहेर आभाळ स्वच्छ होतं. चहाचे कप गोळा करून मी ट्रॉली जागेवर लावली, तोच विमान एकदम खाली गेलं. वैमानिकाचा आवाज आला, क्रूनं ताबडतोब बसून घ्यावं. मी मागच्या दाराजवळच्या आमच्या घडीच्या खुर्चीत बसले आणि बेल्ट लावला. तेवढ्यात टॉयलेटचं दार उघडून एक म्हातारी बाहेर आली. पुढच्या धक्क्यानं ती उचलली गेली आणि मधल्या वाटेत आदळली. माझ्यापासून चार हातांवर.

तिनं माझ्याकडे हात केला. मी उठले नाही.

अशा वेळी क्रूनं उठायचं नसतं. बेल्टशिवाय उभं असलेलं माणूस छताला जाऊन धडकतं आणि खाली येताना दुसऱ्याच्या अंगावर पडतं. क्रूच जायबंदी झाला तर नंतर दारं उघडायची कुणी? मी ओरडून शेवटच्या रांगेतल्या दोघांना तिचे दंड धरून ठेवायला सांगितलं. धक्के थांबले, उठायची परवानगी मिळाली, तशी सगळ्यांत आधी तिच्यापाशी मीच पोचले. तिचं मनगट मोडलं होतं. हात झोळीत बांधला, पाणी पाजलं, आणि विमान उतरायला लागेपर्यंत तिच्याजवळून हलले नाही.

हे पुढचं कुणी मोबाइलवर घेतलं नाही. घेतलं ते एवढंच: म्हातारी खाली पडलीय आणि मी खुर्चीत ताठ बसलेय, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. मी ओरडायच्या आतच क्लिप संपते. वरून कुठलं तरी रडकं गाणं घातलेलं. घाबरायचं की नाही हे प्रवासी आमच्या चेहऱ्यावरून ठरवतात, म्हणून चेहरा शांत ठेवायचं आम्हाला रीतसर शिकवतात. मी ते फार मन लावून शिकले होते. ऑफिसनं चौकशी केली, नियमाप्रमाणे वागलीस म्हणाले, थोडी सुट्टी दिली. मी घरी येईपर्यंत क्लिप आमच्या गल्लीत येऊन मुक्कामाला राहिली होती.

बघायला बायका येऊ लागल्या. कुणी बिस्किटचे पुडे आणले, कुणी शहाळं. आधी माझ्या घोट्याकडे बघायच्या आणि मग हमखास विचारायच्या, “म्हातारी जगली का गं?” अब्बांच्या पेंडीच्या दुकानात गिऱ्हाइकंही तेच विचारत. बरोबरच आहे, विचारायलाच हवं. पण माझं कुणी विचारत नव्हतं. दुसऱ्या कुणी नाही तरी अम्मीनं एकदा विचारावं, एवढ्यासाठी मी जीव टाकत होते.

एका संध्याकाळी ती भाकरी थापत असताना मी तिला सगळा नियम समजावून सांगितला. तिनं तो शांतपणे ऐकून घेतला.

“तुझं बराबर आसंल,” भाकरी उलटत ती म्हणाली. “पर लोकांला काय दिसलं? थोरलं माणूस पडलंय आन् माझी लेक बसलीय. आपल्यात कुणी थोरलं नुसतं उभं आसलं तरी आपुन बसत न्हाय.”



त्याच आठवड्यात बारामतीला अम्मीच्या बहिणीच्या, माझ्या खालाच्या, मुलीची मंगनी होती. खालाचं घर एमआयडीसीच्या अलीकडे. एसटीतून उतरल्यापासून मी लंगडायला सुरुवात केली, अम्मीनं दंड धरला. खरं सांगायचं तर एव्हाना लंगडणं मला छान जमायला लागलं होतं. खालाच्या घरी मला भिंतीकडेची खुर्ची मिळाली, पायाखाली उशी मिळाली. बायका हळू आवाजात म्हणाल्या, “किती सोसलं पोरीनं!” खोट्या पायाचं का होईना, कुणीतरी माझ्यासाठी हळहळत होतं. मला ते आवडलं.

मग जेवणाची ताटं मांडली जात असताना खालाची सासू आतल्या खोलीतून बाहेर यायला निघाली. तिचं वय झालेलं, नजर अधू. उंबऱ्याशी पाणी सांडलेलं कुणाला दिसलं नव्हतं. तिचा पाय सटकला. खुर्चीतून मी कधी उठले, मांडलेली ताटं कशी ओलांडली, मला आठवत नाही. ती पडायच्या आत मी तिला दोन्ही हातांत धरलं होतं. माझे दोन्ही पाय फरशीवर भक्कम रोवलेले होते आणि सुटलेलं बँडेज मागं ताटांतून लोळत आलं होतं.

सासूनं माझा गाल कुरवाळला, तिला बाकीचं काही ठाऊक नव्हतं. खालाची जाऊ माझ्या पायांकडे बघत राहिली.

“पाय तर बरा हाय की गं तुझा,” ती म्हणाली. “मग तितं का न्हाय उठलीस?”

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

“हितं जमीन हालत न्हवती, चाची,” मी म्हणाले.

अम्मीनं खाली वाकून बँडेज गोळा केलं, त्याला लागलेला रस्सा पदरानं पुसला आणि ते पर्समध्ये टाकलं. आम्ही जेवलो, पण तिनं मान वर केली नाही. खालानं थांबा म्हटलं तरी लगेच निघालो.

परतीच्या एसटीत दोघींना एकच बाक मिळाला. पुढं उसाचे ट्रेलर होते, गाडी रखडत चालली होती. माझ्यामुळं अम्मीची चारचौघांत शोभा झाली होती आणि ती रागवतही नव्हती, हे जास्त लागत होतं. बराच वेळ ती पर्सचा बंद बोटांभोवती गुंडाळत बसली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं,

“तवा भ्या वाटलं व्हतं का गं तुला?”

भीती वाटली होती. बेल्टचं बक्कल एकदा लागलंच नाही. मला मरायचं नव्हतं, आणि त्या खुर्चीत मला अम्मी हवी होती, लहानपणी ताप आल्यावर हवी असायची तशी. इतके दिवस हेच सांगायचं होतं. मी तिच्याकडे वळले, तोंड उघडलं आणि माझा चेहरा आपोआप शांत झाला.

“न्हाय,” मी म्हणाले. “आमाला शिकवलेलं आसतं ते.”

अम्मीनं माझा चेहरा नीट निरखून बघितला. तिला ते पटलं. “बरं,” म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून बसली.