आरसा मी निवडला

आमच्या अमरावतीच्या घरातल्या बैठकीचा आरसा मी निवडला, हे मी आजही ठसक्यात सांगते. त्या घरात बाकी सगळं बाबांनी ठरवलं. वासे कुठले, फरशी कुठली, गादी कुठल्या भिंतीला, लोडांचे अभ्रेसुद्धा. आरसा तेवढा माझा.

बाबा वकील. शेती नांदगाव खंडेश्वराकडे आणि कचेरी अमरावतीत. एका साली कापसाला चांगला भाव आला, वकिलीही जोरात होती, म्हणून त्यांनी घराला पुढून नवी बैठक काढली. बैठक म्हटली की भिंतीवर मोठा आरसा आलाच. नागपूरला मोठ्या वकिलांकडे त्यांनी तसे पाहिले होते आणि तेव्हापासून ते त्यांच्या डोक्यात बसलं होतं. पण आमच्यात बायका बैठकीत येत नसत, मग बाजार तर लांबच. म्हणून काचसामानाच्या दुकानदाराने तीन आरसे तणसात बांधून बैलगाडीतून घरीच पाठवले, आणि बैठक त्या दुपारपुरती आम्हा बायकांच्या ताब्यात आली.

एका आरशाची चौकट सोनेरी होती. तिच्यावर वेलबुट्टी इतकी की त्यात आपलं तोंड शोधावं लागे. बाबांचा जीव त्याच्यावर गेला. दुसऱ्याच्या माथ्यावर रंगीत मोर होता, तो आईला आवडला. तिसरा आडवा आणि रुंद, चौकट साध्या सागवानाची. त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही, मी सोडून.

मी चष्मा लावून तिन्ही आरसे नीट तपासले. काचेला नख टेकवून पाहिलं. नख आणि आरशातलं नख यांच्यात जितकी फट, तितकी काच जाड. मग बाजूला उभी राहून आरशात दाराची चौकट पाहिली. मोराच्या आरशाची काच पातळ निघाली, आणि सोनेरी आरशात आमच्या सरळ दाराला पोट सुटलं होतं. मी बाबांना म्हटलं की या आरशात तुमचे अशील आपला चेहरा पाहून घाबरतील आणि दुसरा वकील धरतील. बाबा हसले आणि त्यांनी रुंद आरसा ठेवून घेतला. मोर परत गेला म्हणून आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

काच जाड होती हे खरं, पण मी तो आरसा घेतला तो रुंदीसाठी. त्यामागे माझी थोरली बहीण होती. तिला हिवरखेडकडे दिली होती. लग्न ठरलं तेव्हा बाबांनी घर पाहिलं, वावरं पाहिली, विहिरीचं पाणीसुद्धा चाखलं. तिने मात्र काहीच पाहिलं नाही. पाहायला आलेल्या माणसांपुढे मान खाली घालून पाटावर बसायचं, विचारलं तेवढंच सांगायचं, आणि उठायचं. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिला कळलं की नवरा तिच्या दुप्पट वयाचा आहे. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा मला एकटीला म्हणाली, "पायलं असतं तरी म्या काय केलं असतं? पण पायलं त असतं."

ती पुन्हा त्यावर बोलली नाही. माझ्या मात्र ते मनात घर करून राहिलं. माझ्यानंतर अजून एक धाकटी होती. मी ठरवूनच टाकलं की मला कोणाला द्यायचं ते बाबा ठरवोत, पण त्याचं तोंड आधी मी पाहणार.

आमचं माजघराचं दार आणि बैठकीची गादी एकाच भिंतीला होती. दाराच्या पडद्याआडून गादीवर बसलेला माणूस दिसणं शक्यच नव्हतं, दिसायची फक्त समोरची भिंत. आरसा मी त्या समोरच्या भिंतीवर लावायला सांगितला. सुताराने खिळा ठोकला, दोरीने आरसा किंचित पुढे झुकवून टांगला आणि गेला. मी पडद्याआड जाऊन उभी राहिले. अख्खी गादी आरशात होती, लोडांसकट. बाबांना मी सांगितलं की तिथे उजेड चांगला पडतो. तेही काही खोटं नव्हतं.

आईला आठवड्याच्या आतच हे गुपित सापडलं, आणि मोराचा राग तिथेच निवळला. बैठकीत किती माणसं आलीत, कोण उठायच्या बेतात आहे, सगळं तिला आतूनच कळू लागलं. चहाचे कप मोजून बाहेर जात. पाहुणे बाबांजवळ आमच्या घराच्या शिस्तीची तारीफ करत आणि बाबांना ते फार खरं वाटे. आम्ही तिघी आळीपाळीने पडद्याशी उभ्या राहायचो आणि आपल्याला कोणी पाहत नाही अशा खात्रीने मनसोक्त हसायचो. आपल्याला तो माणूस दिसतो म्हणजे त्यालाही आपण दिसत असू, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. येणार कसं? आलेला प्रत्येक जण आरशात आधी स्वतःलाच पाहायचा. वरूडकडच्या संत्र्याच्या बागावाल्यांचा मुलगा मला पाहायला आला, तो सगळा वेळ त्यात मिशीच पाहत होता. पत्रिका जमली नाही, हे आमचं नशीब.

माझी अडचण वेगळीच होती. मला लांबचं दिसत नसे. चष्म्याशिवाय आरशातला माणूस आणि लोड मला सारखेच. बाबांनी चष्मा करून दिला होता, पण मुलीला चष्मा म्हणजे स्थळं परत जाणार, म्हणून आईने ते बाहेर कोणाच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं. पाहायला कोणी आलं की चष्मा लावून पडद्याआडून बघायचं, आणि बाहेर जाताना तो आईच्या हातात द्यायचा, असा माझा रिवाज होता.

पौषाआधी अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, सोबत त्याचे मामा. थंडी मरणाची होती आणि दोघेही शाली गुंडाळून बसले होते. मुलाने काळी टोपी कानापर्यंत ओढली होती. मी चष्मा लावून पडदा बोटभर सारला आणि आरशात पाहिलं. चेहरा बरा होता, शांत होता. मी अजून थोडी पुढे झाले. तेवढ्यात त्याने डोळे वर केले आणि स्वतःकडे न पाहता थेट माझ्याकडे पाहिलं.

पडदा सोडायचंही मला सुचलं नाही. तोही दचकला, पण हसला नाही. क्षणभर खाली पाहून त्याने काही ठरवलं असावं, आणि मग टोपी काढून मांडीवर ठेवली. परक्याच्या बैठकीत उघड्या डोक्याने बसणं तेव्हा केवढं गैर. बाबा बोलताबोलता थांबले. मामांनी त्याला हळूच टोपी घालायला सांगितलं. त्याने गरमी होत असल्याचं सांगितलं आणि आरशाकडे डावी बाजू होईल अशी मान वळवली. कानाच्या वर तळहाताएवढी जागा भाजल्यासारखी होती, चकाकती, तिथे एक केस नव्हता. मध्यस्थाने याचं अवाक्षर काढलं नव्हतं. तो तसाच बसून राहिला, मला नीट पाहता यावं म्हणून.

मला तेव्हा रडू आलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच. बाहेरून बोलावणं आलं. आईने नेहमीसारखा चष्म्यासाठी हात पुढे केला. मी तो दिला नाही. पदर सारखा केला आणि चष्म्यासकट बाहेर जाऊन पाटावर बसले.

बाबांचा चेहरा मी पाहिला नाही, पण त्यांचं खाकरणं ऐकलं. मामांनी घसा साफ करत विचारलं, "पोरीले चष्मा लागते?"

बाबा काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "मले मालूम हाय, मामाजी."

पाहुणे गेल्यावर बाबा कितीतरी वेळ मुलाच्या जागेवर जाऊन बसले होते. समोरच्या आरशात ते पाहत होते. त्यात माजघराचं दार होतं, सरलेला पडदा होता, आणि पडद्यातून डोकावणारी माझी धाकटी बहीण होती. त्यांनी मला बोलावून विचारलं की खिळ्याची जागा मी हे ठरवूनच सांगितली होती का. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं? मग जे आमच्या घरात कोणी कोणत्याच मुलीला विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, "काय सांगू त्याईले?"

"हो म्हना," मी म्हटलं.

आई आतून शरमेने अर्धी झाली होती. तो मेला आरसा उद्याच सुताराला बोलावून उतरवून टाकते, असं ती पडद्यामागून म्हणाली. बाबांनी पुन्हा एकदा आरशात पाहिलं. धाकटी अजून तिथेच उभी होती.

"राहू दे तिथंच," ते म्हणाले. "आता धाकटीचं पाहाचं हाय."