आमच्या मजल्याचा पिवळा रंग

आमच्या कारखान्यात यंत्रांना पिवळा रंग देतात. डब्यांच्या तळाशी उरलेला रंग दिवाळीआधी कामगारांनी घरी न्यायचा, ही तिथली जुनी रीत. धुळ्याहून सिल्वासाला आलो तेव्हापासून मीही नेत आलो. नुसता आपल्या घरापुरता नेला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण मला मोठेपणाची हौस. टोकरखाड्यातल्या आमच्या इमारतीत माझ्या मजल्यावरच्या प्रत्येक घराला मी डबा पोचवला. सगळ्यांच्या खिडक्यांच्या जाळ्या पिवळ्याधमक. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक म्हणायचे, "पिवळ्या मजल्याची बिल्डिंग."

आम्हाला मुलगी फार उशिरा झाली. तिला दात येऊ लागले आणि खिडकीची खालची सळी तिला सापडली. तिथे तोंड लावून ती रस्त्यावरच्या गाई बघत बसायची. हळूहळू सळीवरचे पोपडे नाहीसे झाले.

"अहो, ही खिडकी खातेय," बायको म्हणाली.

"सगळीच मुलं काहीतरी खातात. मी माती खायचो."

"म्हणूनच काळजी वाटतेय."

मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे लस टोचायला गेलो, तेव्हा बायकोने सळीचा विषय काढला. रंग कुठला, असं बाईंनी विचारलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, "यंत्राचा आहे, मॅडम. बाजारात असला मिळायचा नाही."

बाईंचं पेन थांबलं. असल्या रंगात शिसं असू शकतं, त्या म्हणाल्या. मुलांच्या पोटात गेलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रक्त तपासायला मुंबईला पाठवावं लागेल. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

घरी येताच मी सँडपेपर घेतला आणि जाळी खसाखसा घासायला लागलो. बायको खाली भाजी घ्यायला गेली होती. मुलगी माझ्या पायाशी बसून वरून पडणाऱ्या पिवळ्या भुकटीला टाळ्या वाजवत होती.

बायको दारातच ओरडली, "अहो, हे काय चालवलंय?"

"विष काढतोय!"

"काढताय कुठे, पेरताय!"

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की कोरडं घासणं सगळ्यांत वाईट. मुलीला आंघोळ घाला, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. रंग काढायचाच तर मुलं घराबाहेर पाठवा, नाकावर मास्क बांधा आणि जाळी ओली करून खरवडा.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं आणि मायलेकी सामरवरणीला मेहुणीकडे गेल्या. मी शेजाऱ्यांची दारं वाजवायला निघालो. माझी भेट माझ्याच तोंडाने विषारी म्हणायची होती.

समोरच्या गुजराती बेन म्हणाल्या, "भाई, दिवाळीला आपेली वस्तू कोणी पाछी मागतं का?"

"परत नाही मागत, बेन. खरवडायला सांगतोय."

"मग नवा रंग तुम्ही देणार?"

"दुकानातला देतो. डब्यावर शिसं नाही असं लिहिलेला."

"मग पांढरो आणजो. हा मला कधी आवडलाच नव्हता."

कोपऱ्यातल्या घरात जळगावचे एक आजोबा राहतात. ते भडकलेच. "माझ्या मोठ्या नातवाने हीच जाळी चाटली. आज वर्गात पहिला येतो!"

"न चाटता कुठे पोचला असता, बाबा?" मी खरंच काळजीने विचारलं.

आजोबा आत गेले आणि खिडकीशी रांगणाऱ्या धाकट्या नातीला उचलून कडेवर घेऊन बसले.

रविवारी मजल्यावरची मुलं नातेवाइकांकडे गेली आणि आम्ही बापे नाकाला मास्क बांधून ओल्या जाळ्या खरवडत राहिलो. सगळे मला शिव्या देत होते. मास्कमुळे त्या नीट ऐकू येत नव्हत्या, तरी मी प्रत्येकीला मान डोलावली.

रिपोर्ट आला. रक्तात शिसं होतं, असायला नको तेवढं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता औषध नको. पुढचं शिसं थांबवा, लोह मिळेल असं खायला घाला आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासू.

ते महिने मी मुलीची परीक्षा घेण्यात काढले. कामावरून आलो की विचारायचो, गाय कशी ओरडते? एकदा ती म्हणाली, "भू भू." ताट सरकवून मी भिंतीकडे तोंड केलं.

"खाली बघा तरी," बायको म्हणाली. खिडकीखाली कुत्रा बसला होता.

दुसरीकडे तिचं शिक्षणही मीच सुरू केलं होतं. पिवळं दिसलं की "छी!" पिवळा ट्रक छी, पिवळी बादली छी. पोरगी चटकन शिकली. मग तिने वरण नाकारलं, केळं नाकारलं. एका हळदीच्या कार्यक्रमात नवरदेवाकडे बोट दाखवून ती हमसून हमसून रडली. बायको रोज नाचणीत पालक कालवायची आणि माझ्याकडे बघायची.

दुसरा रिपोर्ट घ्यायला मी एकटाच गेलो. शिसं बरंच उतरलं होतं. अजून एकदा तपासू, पण दिशा चांगली आहे, असं बाई म्हणाल्या. मी त्यांच्यासमोरच रडलो. येताना गरम जिलेबी घेतली.

बायकोने रिपोर्ट दोनदा वाचला, मुलीला घट्ट धरलं आणि एक जिलेबी तिच्या तोंडाशी नेली. मुलीने तोंड फिरवलं.

"छी!"

"अगं, ही चांगली असते," मी म्हणालो आणि पटवून द्यायला एक अख्खी तोंडात कोंबली.

तिने माझ्याकडे भेदरून पाहिलं, आईच्या कडेवरून माझ्याकडे झेपावली आणि आपलं इवलं बोट माझ्या तोंडात घालून जिलेबी बाहेर ओढू लागली. "बाबा, छी! थू!"

मी थुंकलो.