ज्या जखमेला आत्यानं तेल दिलं नाही

माझी आत्या जखमेवर लावायचं तेल करते. चाळीस वर्षं करते आहे. विळीनं बोट कापलं, गुडघा सोलवटला, नवी चप्पल लागली, की आमच्या भागातली माणसं आधी तिच्या दारात उभी राहतात. तिच्या तेलाचं कौतुक मी लहानपणापासून ऐकत आले. पण मला तिचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो एका जखमेमुळे, आणि त्या जखमेला तिनं तेलाचा थेंबही लावला नव्हता. ती जखम माझ्या बाबांची होती.

आत्या एका म्हाताऱ्या वैद्यांकडे बाटल्या धुवायला लागली होती. मागच्या खोलीत तांब्याच्या मोठ्या भांड्यात तेल शिजायचं. जाईचा पाला, कडुनिंब, हळद, ज्येष्ठमध असं बरंच काही वाटून त्याचा गोळा तिळाच्या तेलात सोडायचा आणि पाणी आटेपर्यंत मंद आचेवर ढवळत बसायचं. तेल झालं की नाही, ते ओळखण्यात खरी मेख. तो गोळा चिमटीत धरून त्याची वात वळायची. बोटांना चिकटला तर कच्चा, भुगा झाला तर करपला. मऊ वात वळली आणि विस्तवावर टाकल्यावर तडतडली नाही, तर उतरवायचं. वैद्यबुवांची बोटं म्हातारपणी बधिर झाली, तेव्हा ते भांड्याशी बसून हाक मारायचे, "बाई, जरा तुमची चिमूट द्या." असं करत करत सगळं भांडंच तिच्या हाती आलं.

जखम बघायलाही ती त्यांच्याकडेच शिकली. आधी चिंधीचा वास, मग धुणं, मग बघणं, आणि तेलाचं बोलायचं झालंच तर सगळ्यात शेवटी.

बाबा तिचे धाकटे भाऊ. सुतार. दहा वर्षांची साखर, आणि सकाळी गोळी गिळली की दिवसभर काहीही खायला आपण मोकळे, अशी त्यांची ठाम समजूत. ताईच्या तेलाची जाहिरात करायला मात्र त्यांच्यासारखा माणूस नव्हता. रंधा मारता मारता गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या ताईचं तेल म्हणजे लाकडाला फेविकॉल."

एकदा त्यांच्या चपलेतून खिळा आरपार घुसला. घरी कुणाला पत्ता नाही. आठ-नऊ दिवसांनी मोज्याला डाग दिसला म्हणून मी आरडाओरडा केला, तेव्हा म्हणाले, "चल, ताईकडे जाऊन येऊ. दोन दिवसांत खपली धरेल."

आत्यानं त्यांना दुकानातल्या स्टुलावर बसवलं, पायाची चिंधी सोडली आणि नाकाशी नेली. कोमट पाण्यानं पाय धुतला, टिपला. मग म्हणाली, "डोळे मीट."

"का? झोंबणार आहे?"

"मीट म्हटलं ना. मी कापूस लावते. लागला की सांग."

बाबांनी डोळे मिटले. आत्यानं कापसाचा बोळा अंगठ्याला लावला, करंगळीला लावला, तळव्याच्या मधोमध फिरवला. बाबा गप्प. मग तिनं गल्ल्यावरची पेन्सिल उचलली आणि तिचं टोक टेकवलं. कातडीत खळगा पडलेला मला दिसत होता.

"अगं ताई, लाव ना एकदाचं," बाबा म्हणाले. "किती वेळ मिटून बसू?"

आत्यानं पेन्सिल खाली ठेवली. आवाज नेहमीचाच. मला म्हणाली, "रिक्षा बोलाव."

"कुठं जायचंय?" बाबांनी डोळे उघडले.

"हॉस्पिटलात. आत्ता."

"आणि तेल?"

"याला तेल नाही."

बाबा तांबडेलाल झाले. "जगाला बाटल्या भरून देतेस आणि सख्ख्या भावाला नाही?"

"नाही. ऊठ."

हॉस्पिटलात बाबांचं एक बोट काढावं लागलं. पाय वाचला. दुसऱ्या दिवशी सर्जनबाई आल्या आणि म्हणाल्या, "घरी आणखी चार दिवस काहीबाही चोपडत बसला असतात तर गुडघ्यापर्यंत गेलं असतं. कुणी पाठवलं तुम्हाला?"

बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बहिणीनं. तेल करते ती."

सर्जनबाईंनी आत्याकडे वळून पाहिलं. "तेल करता आणि लावलं नाहीत?"

"लावायला खाली जिवंत कातडी लागते, डॉक्टर," आत्या म्हणाली.

बाबा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती रोज डबा घेऊन यायची. रुसवा भिंतीकडे आणि हात डब्याकडे, असं चाललं होतं. बाहेर तर भलताच बोभाटा झाला. हिच्या तेलात आता राम उरला नाही, स्वतःच्या भावाला हॉस्पिटलात टाकलं, असं लोक बोलायला लागले. दारातली गर्दी ओसरली. मी चिडले, तर आत्या म्हणाली, "बोलू दे. दोन पायांवर घरी आला की बघतील."

आणि बाबा आले. महिना-दीड महिन्यानं जखम भरली, तशी एके सकाळी काठी टेकत ते आत्याच्या दुकानात जाऊन बसले. तेल मागायला कुणी आलं की हे बूट काढायचे. "हे बघा. चार बोटं. पाचवं ताईच्या तेलानं वाचलं नसतं, आणि पायही गेला असता. ही बाई नाही म्हणते तेव्हा रिक्षा बोलवायची!" आत्या आतून ओरडायची, "अरे, बूट घाल! माणसं तेल न्यायला आलीत." पण त्यांना कोण आवरणार?

तेव्हापासून आत्या ज्याला तेल देत नाही, त्याला चिठ्ठी देते. वहीच्या पानावर तिच्या तिरक्या अक्षरात एक ओळ. पायाला स्पर्श कळत नाही. किंवा, वास आहे, आजच बघावं.

मागच्या महिन्यात सासूबाईंना दाखवायला मी त्याच हॉस्पिटलात गेले होते. माझ्यापुढे एक टेम्पोवाला उभा होता, घोट्याला फडकं गुंडाळलेलं. त्यानं खिडकीत कागद सरकवला. आतल्या सिस्टरनं अक्षर बघितलं आणि उठलीच. "तेलवाल्या आत्यांनी पाठवलंय? मग रांगेत नका थांबू, आत चला."

मागच्या एकानं कुरकुर केली, "ही आत्या कोण एवढी लागून गेली?"

मी मागे वळले. "माझी," म्हटलं.