वडामाच्या डब्यातलं पार्सल

सेतूशी माझं शेवटचं बोलणं खोटं होतं. दुपारी बाराला मी भात उतरवत होते. तो बाहेर खुर्चीत बसला होता. रोजच्यासारखं त्याने विचारलं, "वहिनी, आलं का?" मी आतूनच म्हटलं, "नाही आलं." पेज निथळून ताट वाढायला बाहेर आले तर मान एका बाजूला पडली होती, चष्मा मांडीवर. हाक मारली, हलवलं... शेजारचे धावत आले, डॉक्टरही आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला दोन महिने होतील आता. आणि तो जे विचारत होता ते आलेलं होतं. तो जायच्या तीन आठवडे आधीच आलं होतं, आणि स्वयंपाकघरात माझ्या मागच्या फळीवर होतं.

सेतुमाधव माझा धाकटा दीर. मी मिरजेहून लग्न होऊन मद्रासला, मैलापूरला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि तो नऊ. माझं शिक्षण चौथी. सासरचे लोक तंजावरकडचे मराठी, त्यांचं बोलणं ऐकून मला वाटायचं, कुणीतरी तमिळ हेल काढून जुनी पोथी वाचतंय. मला हसू यायचं आणि त्यांना माझ्या बोलण्याचं. सेतू तेवढा दोन्हीकडचं बोलायचा, म्हणून तोच माझा दुभाष्या. उन्हाळ्यात सासूबाई गच्चीवर वडाम घालायच्या, म्हणजे तांदळाच्या पिठाचे, आपल्या कुरडयांसारखे वाळवून तळायचे. कावळे राखायला सेतूला बसवायच्या. कावळ्यांनी कधी फार नुकसान केलं नाही. हाच अर्धे ओले वडाम खाऊन टाकायचा आणि कावळ्यांचं नाव सांगायचा. मी पाहिलं होतं, पण सांगितलं नाही. तेव्हापासून आमचं जमलं.

त्याने लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मशीनचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात नोकरी केली. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवायचा. घरातही तसाच. चहाचा कप बशीत मधोमध नसला की सरकवायचा. तीसेक वर्षांपूर्वी कारखान्यातला एक जर्मन इंजिनीअर परत जाताना आपली शर्यतीची सायकल त्याला देऊन गेला. बारीक चाकं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. रविवारी पहाटे निघून मद्रासबाहेरच्या कोवलम गावापर्यंत जायचा, मासळीच्या होड्या किनाऱ्याला लागताना बघत बसायचा आणि उन्हं चढायच्या आत परत. आमच्यात मासे चालत नाहीत. मी म्हणायचे, "खायचे नाहीत तर वास घ्यायला एवढं लांब कशाला मरतोस?" तो म्हणायचा, "वहिनी, तुम्ही देवळात जाता ते काय देवाला खायला?"

माझे यजमान हृदयविकाराने गेले. सात वर्षांनी सेतूलाही तोच त्रास निघाला, रक्तवाहिनीत जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने थांबा, मग सपाट रस्त्यावर सावकाश सायकल चालवायला हरकत नाही. तळलेलं मात्र बंद. माझा मुलगा पुण्याला असतो, तो फोनवर म्हणाला, डॉक्टर म्हणतायत तर चालवू दे. मी कुणाचं ऐकलं नाही. या घरातून एक माणूस उचलून नेताना मी पाहिला होता. दुसरा पाहायची माझी तयारी नव्हती, एवढंच.

माझ्या सुदैवाने सायकलच बिघडली होती. पेडलवर जोर दिला की साखळी मागच्या दातांवरून घसरायची. सेतूने नवी साखळी आणून बसवली, तर जास्तच घसरायला लागली. मग एका दुपारी त्याने मागचं चाक स्वयंपाकघरात आणलं. मी डाळ निवडत होते. म्हणाला, "हे दात बघा. करवतीसारखे टोकदार झालेत. जुनी साखळी लांबते, तिच्याबरोबर हे झिजतात, दोघांचं एकमेकांशी जमलेलं असतं. एकच नवं आणलं की दुसरं त्याला टिकू देत नाही."

"म्हणजे जुन्या सासवांत नवी सून," मी म्हटलं.

"बरोबर. सासवा बदलायला पाहिजेत. सातही."

मागे सात दातेरी चक्रांचा एक गठ्ठा असतो, त्याला फ्रीव्हील म्हणतात. हल्लीच्या सायकलींना तो सरकवून बसवतात. याच्या चाकाला आटे होते, फिरवून घट्ट करायचा जुना प्रकार. आठ-नऊ चक्रांचा नवा गठ्ठा त्यावर चढणार नाही, आणि चढवायचाच तर चाक बदला, चाक बदललं तर ते सांगाड्यात मावणार नाही. सगळी दुकानं त्याला म्हणत होती, आजोबा, नवी सायकल घ्या. तो स्टीलची पट्टी घेऊन साखळीच्या कड्या मोजायचा, दात मोजायचा, वहीत लिहायचा. पाच महिने हेच चाललं होतं. आतल्या सगळ्यात मोठ्या चक्राला चोवीस दात होते, त्याला अठ्ठावीसचं हवं होतं. अठ्ठावीसच्या वर नको, कारण साखळी इकडून तिकडे ढकलणारा तो छोटा हात त्याहून मोठ्या चक्राला पुरत नाही. मी विचारलं, "चोवीस चालत होते ना इतकी वर्षं? मग हा हट्ट कशाला?" तो म्हणाला, "चक्र मोठं असलं की पाय हलका पडतो. वाटेतल्या अड्यार नदीच्या पुलावर चढताना छातीवर ताण येऊ नये म्हणून."

हे वाक्य मी ऐकलं होतं. समजलंही होतं. तो जिवाला जपूनच सगळं करत होता. तरी मी डाळच निवडत राहिले.

शेवटी कोइंबतूरच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे जुन्या मालात तसलं फ्रीव्हील सापडलं. त्याने पाठवलं. मंगळवारी पार्सल आलं तेव्हा सेतू आत झोपला होता. मी सही केली. हातात घेतलं तर लहानसं, पण जड. त्याच्या उशाशी ठेवायला गेले होते, खरंच गेले होते... दारातून परत फिरले आणि वडामाच्या मोठ्या डब्यात तळाशी घालून ठेवलं. तळलेलं त्याला बंद होतं. त्या डब्याला तो हात लावणार नाही, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवसापासून विचारणं सुरू झालं. आलं का? नाही आलं. आठवड्याने त्याने कोइंबतूरला फोन लावला. जन्मात कुणाशी आवाज न चढवलेला माणूस तमिळमध्ये ओरडला, "पाठवलं म्हणता आणि येत नाही, म्हातारा बघून फसवता काय?" पलीकडचा माणूस शपथा घेत असणार. मी स्वयंपाकघरात उभी होते, डब्यापासून दोन हातांवर. तेव्हा सांगायला हवं होतं. मी कांदा चिरायला घेतला.

त्यानंतर तीन-चार दिवसांत माझ्या लक्षात आलं, डब्यातले वडाम कमी झालेत. झाकणही नीट लागलेलं नव्हतं. मी म्हटलं, उंदीर. पिंजरा काढला. सेतू म्हणाला, "द्या इकडे, तुमचं बोट अडकेल." खोबऱ्याचा तुकडा त्यानेच आकड्याला लावला आणि पिंजरा डब्याशेजारी ठेवून दिला. म्हणाला, "मोठा दिसतोय, वहिनी. जपून." त्याच संध्याकाळी त्याने पुन्हा कोइंबतूरला फोन केला. या वेळी आवाज अगदी खाली. "माफ करा," एवढंच कानावर आलं. मला वाटलं, दमला, नाद सोडला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा, वहिनी, आलं का?

तेरावा झाल्यावर मी ते पार्सल आणि सायकलचं मागचं चाक घेऊन देवळाच्या तळ्यामागे बसणाऱ्या दास मेकॅनिककडे गेले. खरं सांगायचं तर मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की हे बसतच नाही. चुकीचं निघालं असतं तर माझ्या डोक्यावरचं ओझं थोडं उतरलं असतं. दासने दोरा सोडला, कागद उलगडला, गठ्ठा चाकावर धरून पाहिला. म्हणाला, "अगदी बरोबर आहे, अम्मा. शेवटचं अठ्ठावीसचं. हे शोधायला जाणता माणूस लागतो." मग आत बोट फिरवून म्हणाला, "उघडलं कुणी होतं?"

"कुणी नाही. बंदच होतं."

"आट्यांना ग्रीस भरलंय. माल असा येत नाही. नंतर अडकून बसू नये म्हणून बसवण्याआधी हाताने लावतात."

त्याने बोट पुढे केलं. मी वास घेतला. हिंग. सेतू ग्रीस माझ्या हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवायचा. त्यावरून मी त्याला कितीदा बोलले होते.

म्हणजे कच्चे वडाम चोरायला त्याने डबा उघडला होता, आणि चोरी माझी सापडली होती. त्याने ते बाहेर काढलं, पाहिलं, ग्रीस भरून बसवायला तयार केलं. मग पुन्हा कागदात गुंडाळलं, दोरा बांधला आणि होतं तिथे ठेवलं. बसवलं नाही, बोलला नाही. त्यानंतर अकरा दिवस रोज मला विचारत राहिला. मी सांगावं म्हणून संधी देत होता, की मला टोचत होता, ते मला कळत नाही. दोन्ही करू शकेल असा तो होता. एवढंच आठवतं की त्या दिवसांत विचारताना तो दाराकडे बघत नसे. माझ्याकडे बघायचा. शेवटच्या दिवशी मी आत होते, म्हणून तेवढं वाचले.

लोक म्हणतात, झोपेत गेल्यासारखा गेला, पुण्यवान. असेल. पण कोवलमला एकदा जाऊन मग गेला असता. मी त्याला जगवायला निघाले होते आणि जगवलं तर नाहीच. सायकलमुळे तो गेला असता की नाही, हे आता कुणी सांगू शकत नाही. खुर्चीत मात्र गेला.

कोइंबतूरच्या दुकानदाराला मी फोन करून सांगितलं की पार्सल पहिल्याच दिवशी पोचलं होतं, लपवलं मी. तो म्हणाला, "त्यांनी सांगितलं होतं, अम्मा. तुमचं नाव नव्हतं घेतलं."

दासने फ्रीव्हील आणि साखळी बसवून दिली. सायकल व्हरांड्यात उभी आहे. मुलगा म्हणतो कुणाला तरी देऊन टाक. देईन. मागचं चाक उचलून मी कधी हाताने पेडल फिरवून बघते. घसरत नाही. वडामाचा डबा या उन्हाळ्यात भरला नाही. शेजारचा पिंजरा तसाच आहे, दार वर, खोबरं वाळून काळं पडलंय. घरात उंदीर नाही हे आता मला माहीत आहे. तरी तो तुकडा काढायला हात जात नाही. तो त्याने लावलेला आहे, आणि माझ्यासाठी लावलेला आहे.