शकुबाईने घातलेला भुसा

आदिलाबादकडच्या इचोड्याच्या पलीकडे एका गावात शकुबाई नावाची कुंभारीण राहत असे. तिचे मडके टिचकी मारताच खणखणीत वाजे. न वाजणारे मडके ती बाजारात नेत नसे. घरीच फोडून टाकी.

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली गावात हगवणीची साथ येऊन गेली. त्यानंतर एका संस्थेचे उद्धवराव आले. त्यांना पाणी गाळणारी मातीची भांडी हवी होती. दोन टोपल्या मातीत एक टोपली चाळलेला लाकडाचा भुसा कालवायचा. आव्यात, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीत, भुसा जळून जातो, त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी थेंबथेंब झिरपते आणि घाण वर अडते. शकुबाईची विधवा सून भागीरथा हे काम मन लावून शिकली. तिची पहिली दोन भांडी उत्तम उतरली. मग उद्धवरावांनी परीक्षेसाठी अठरा भांडी सांगितली. ती उतरली असती, तर आसपासच्या सगळ्या गावांचे काम याच घरी येणार होते.

परंतु भुशाचे भांडे वाजत नाही. शेजारच्या मालनबाईने त्यावर टिचकी मारली आणि ती खो खो हसली.

"शकुबाई, मडकं हाय का भिजलेली भाकर? तुमच्या घरचं असं काऊन वो?"

हे शब्द शकुबाईच्या जिव्हारी लागले. माती कालवण्याचा मान त्या घरात सासूचा होता. अठरा भांड्यांची माती कालवताना तिने भुसा निम्माच घातला आणि सुनेला सांगितले नाही. भांडी भाजून निघाली, ती बऱ्यापैकी वाजली. आवाच चांगला लागला, असे समजून भागीरथा आनंदली.

उद्धवरावांनी भांडी भरून टांगली. तासाभरात दोन तांबे पाणी खाली यायला हवे होते; अर्धी वाटीही आले नाही.

"भुसा कमी पडला का?" त्यांनी विचारले.

"नाही साहेब," भागीरथा ताडकन म्हणाली. "भुसा आत्याबाईनं घातला. त्याईच्या हातचं माप आजवर चुकलं नाही."

उद्धवरावांनी शकुबाईकडे पाहिले. तिने नुसता पदर सावरला. तेव्हा उद्धवरावांनी असा निर्णय केला की, पहिली दोन भांडी नशिबाने जमली; गावच्या नाल्याची मातीच या कामाला योग्य नाही. काम दुसऱ्या गावी गेले. वर्ष फिरले तशी भागीरथा आदिलाबादला जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला लागली.

बारा वर्षांनी शकुबाई तिच्याकडे राहायला गेली, तेव्हा एका सकाळी तिने सर्व सांगून टाकले.

"माती चांगली होती, पोरी. म्याच खोट केली."

भागीरथा डोक्याला फडके बांधत होती. तिचे हात थांबले.

"तवाच सांगतलं असतं, आत्याबाई, तं दुसरा आवा लावला असता. उद्धवराव आठ दिवस थांबाले तयार होते."

"मले लाज वाटली."

"मी साक्ष देऊन राह्यली होती तुमची. तवा नाही वाटली?"

जिनिंगचा भोंगा झाला. भागीरथाने चुलीवरचा चहा उतरवून सासूपुढे ठेवला आणि स्वतः न पिताच ती निघून गेली.