रेकॉर्डवरचे भस्म

तिसरी रेकॉर्डही अप्पांनी काउंटरवर परत ठेवली.

"हिच्यात बी न्हाई."

"अप्पा, गाणं तेच आहे."

"गाणं तेच हाय. ती न्हाई."

लातूर जिल्हा नुकताच झाला होता, दुष्काळ होता आणि माझे रेकॉर्डचे दुकान नवे होते. अप्पा मुरुडचे किराणा व्यापारी. गावच्या मंडळाने शिवभजनांची रेकॉर्ड भरली, तेव्हा कोरसमध्ये अप्पांच्या पत्नी होत्या. त्या आता हयात नव्हत्या. घरची जुनी प्रत नुसती खरखरायची. नव्या प्रती स्वच्छ वाजत. पण त्यांत बाईंचा आवाज ऐकू येत नव्हता.

रेकॉर्ड धातूच्या साच्यातून दाबून काढतात. त्याला स्टॅम्पर म्हणतात. तो झिजला की बारीक आवाज आधी जातात. मी कंपनीला ट्रंक कॉल लावला.

"मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, सेम आहे," मॅनेजर म्हणाले. "कस्टमरला भास होतोय. माल परत घेणार नाही."

उरली जुनी प्रत. "ती देव्हाऱ्यातून हलत न्हाई," अप्पा म्हणाले. म्हणून परत आलेल्या प्रती ताडून पाहायला बरोबर घेऊन मीच मुरुडला गेलो. लेबलजवळ कोरलेला क्रमांक पाहिला. ती पहिल्या साच्याची होती. आवाज असणार होता; पण खाचांत राखाडी थर बसला होता.

"हे काय, अप्पा?"

"भस्म. आधी हिला लावतो, मग सुई ठेवतो."

"रोज?"

"देवाचं हाय. बिनभस्माचं कसं लावावं?"

मी कपाळावर हात मारला. धुवायचे तर गावात फक्त बोअरचे खारे पाणी; त्याचा क्षार खाचांत बसतो. शेवटी ट्रॅक्टरच्या बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणले. मऊ ब्रशने रेकॉर्ड धुतली, वाळवली, लावली.

तिसऱ्या कडव्याला कोरस थांबला. त्याच्या मागून एक बारीक आवाज एकटाच ओळ पुरी करून गेला.

"नेहमी मागं राहायची," अप्पा म्हणाले. "भजनाचे मास्तर लई बोलायचे तिला."

बाजू संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग उठले, रेकॉर्ड उचलली आणि तीन बोटे भस्मात बुडवली.

"अप्पा! काय करताय?"

"आता तर लावायलाच पाहिजे की."

अर्धा तास वाद झाला. अखेर परत आलेल्या तीनपैकी एक प्रत मी देव्हाऱ्यात ठेवून दिली. भस्म तिला, सुई जुनीला. झिजलेल्या साच्याचा माल प्रथमच उपयोगी पडला.

पुढे रेकॉर्ड खरखरते म्हणून कोणी आले, की साच्याचे नंतर बघायचो. आधी विचारायचो, घरात पूजा कोण करतं?